मुक्कीला जाणारे तीन रस्ते

प्रतापगडच्या माणसाने जंगल बघायला दुसरीकडे जायचं, हे आमच्या घरात सहज पटण्यासारखं नव्हतं. पुण्यातल्या ऑफिसात मी गावाचं नाव सांगितलं की सगळ्यांना अफझलखान आठवतो. आमचा प्रतापगड तो नव्हे. आमचा गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. डोंगरावर महादेव आहे, तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. जवळच १९७२ पासून वसलेली तिबेटी वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. एका बाजूला इटियाडोह धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला नवेगाव राष्ट्रीय उद्यान. लोक नागपूर-मुंबईहून गाड्या करून जे बघायला येतात, त्याच्या कडेला आमची धानाची बांधी आहे.

म्हणून मी कान्ह्याचं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपलं जंगल का वाईट आहे?"

कान्हा माझ्या नव्हे, आईच्या डोक्यात होतं. ती अंगणवाडी सेविका होती. भिंतीवरच्या प्राण्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून तिने तीसेक वर्षं मुलांकडून नावं म्हणून घेतली. वाघ, अस्वल, सांबर, चितळ, रानडुक्कर हे सगळे तिने कधी ना कधी प्रत्यक्ष पाहिलेले, काही तर अगदी शेतात. बारासिंगा तेवढा चित्रातच राहिला. मध्य भारतातला कडक जमिनीवर राहणारा बारासिंगा १९७० साली फक्त ६६ उरला होता, आणि ते सगळे कान्ह्यात होते. तिथून त्याला पुन्हा वाढवलं गेलं. निवृत्तीनंतर काय करायचंय, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "तो एकदा खरा पाहीन म्हणते."

अंतर फार नाही. गोंदिया-बालाघाट-बैहर मार्गे मुक्की प्रवेशद्वारापर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पण आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. आई प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते. सकाळी चहा नाही. गाडीत बाटली असते, ती दुसऱ्यांसाठी. नागपूरला डॉक्टरकडे जायचं असो की लग्नाला, ती ओठ कोरडे घेऊन जाते आणि डोकेदुखी घेऊन परत येते. इंजिनिअरिंगला असताना एसटीने नागपूरला जाता-येता मीही तेच शिकले. कुणी शिकवलं नाही. चार तासांच्या रस्त्यावर दार लागेल आणि पाणी असेल अशी जागा कुठे आहे, हे ज्या बाईला माहीत नाही ती आपोआप शिकते. आता आईला साखरेचा त्रास आहे, गुडघे वाकत नाहीत. रस्त्याकडेला झाडामागे जाणंही तिच्यासाठी उरलेलं नाही.

म्हणून मोटरहोम. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्यांबद्दल मी वाचत होते. जाहिरातींत समुद्रकिनारा असतो, गाडीच्या टपावर गिटार वाजवणारा मुलगा असतो. मला त्यातली एकच गोष्ट हवी होती: आतल्या बाजूने कडी लागणारं दीड बाय तीन फुटांचं दार आणि आत उंच बैठकीचा संडास. डिसेंबरात पाच दिवसांसाठी नागपूरहून चालकासह गाडी ठरवली. मग रस्ता निवडायचं काम आलं.

माझ्या कामाचा एक भाग नकाशांशी संबंधित आहे, त्यामुळे हे काम मी हौसेने घेतलं. दोन ठिकाणांमधला सगळ्यांत छोटा मार्ग शोधायची जी रीत आजही शिकवली जाते, ती एड्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ मध्ये कॅफेत बसल्या बसल्या, कागदाशिवाय, वीस मिनिटांत शोधली आणि १९५९ मध्ये छापली. त्यात प्रत्येक रस्त्याला एक वजन दिलेलं असतं. अंतर, वेळ, टोल, काहीही. रीत फक्त बेरीज करून सगळ्यांत हलका मार्ग काढते. वजन काय धरायचं, हे तिला बाहेरून सांगावं लागतं. सुंदर रस्ता हवा असेल तर सौंदर्याचंही वजन आधी कुणीतरी ठरवायला हवं.

आमच्यापुढे तीन रस्ते होते.

पहिला पश्चिमेचा. साकोली, भंडारा करत नागपूर, तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मनसर, खवासा, सिवनी आणि मग कान्हा. अंतर जवळपास दुप्पट, पण बराचसा रस्ता चौपदरी. चालकदादांची पसंती याला होती. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या याच महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ पूल आणि भुयारी मार्ग बांधलेत, ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीचे. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही त्याखालून जाताना टिपले गेले. वरून गाडी सरळ जाते, खालून जंगल सरळ जातं.

दुसरा पूर्वेचा. आमगाव, सालेकसा, मग लांजी, आणि तिथून डोंगरातून बैहरकडे. नकाशावर हा सगळ्यांत हिरवा. कचारगडच्या गुहा आणि हाजरा फॉलचा मुलूख याच बाजूला. मला तो हवा होता. पण आमची गाडी नऊ-साडेनऊ फूट उंच. वरच्या फांद्या, गावातल्या लोंबत्या तारा, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायला जागा. शिवाय मोटरहोममध्ये जे साठतं ते कुठेतरी रिकामं करावं लागतं. संडासाखालची पेटी दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती जंगलात किंवा नाल्यात ओतायची नसते. त्या रस्त्यावर मुक्कामाची अशी जागा मला मिळेना जिथे ही सोय करू देतील. आईची अडचण सोडवण्यासाठी गाडी घ्यायची आणि ती दुसऱ्याच्या ओढ्यात नेऊन टाकायची, हे मला नको होतं.

तिसरा मधला, सरळ. नवेगावबांध, कोहमारा, गोरेगाव, गोंदिया, बालाघाट, बैहर. दिसायला तो आमचा नेहमीचा रस्ता. मी तो सुचवला तेव्हा बाबा खूश झाले आणि आईने अट घातली.

"मुर्दोलीतून दिवसाउजेडी जायचं. जातानाबी अन् येतानाबी."

मुर्दोलीचं जंगल कोहमारा-गोंदिया रस्त्यावर लागतं. नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं नकाशावर एकाच व्याघ्र प्रकल्पात आहेत, २०१३ पासून. पण मधून महामार्ग जातो, हा रस्ता जातो, आणि प्राण्यांना एकीकडून दुसरीकडे जायचं तर डांबर ओलांडावंच लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रात्री इथे एका तरुण वाघाला गाडीने धडक दिली. मागचं शरीर ओढत रस्त्याकडेच्या झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ आमच्या गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर आला होता. तो वाचला नाही. आईने तो व्हिडिओ पूर्ण पाहिला नव्हता, पण विसरलीही नव्हती. कर्नाटकात बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. आमच्याकडे तशी बंदी नाही. आईने ती आपल्यापुरती घातली.

जाताना सकाळी निघालो. नवेगावबांधचा तलाव धुक्यात होता. गोंदियानंतर बालाघाट, मग मँगनीजच्या खाणींचा पट्टा, उकव्याकडे चढत जाणारा घाट. आमच्याकडे साग, बांबू, मोह. घाट चढता चढता साल दिसू लागला आणि मग सालच साल. डिसेंबरातही हिरवा, सरळसोट. आई खिडकीशी बसली होती, अंगात वसाहतीतल्या बाईकडून घेतलेला स्वेटर. तिने तासाभरात दोनदा पाणी मागितलं. "हे झाड आपल्याकडं काहून नाही?" असं तिने विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांत मी तिला प्रवासात बाहेरचं काही विचारताना ऐकलं नव्हतं. तिचं लक्ष नेहमी आतच असायचं, किती वेळ राहिला याच्यावर. रस्ता सुंदर आहे की नाही, हे ठरवायला आधी शरीर निश्चिंत असावं लागतं. नकाशावर ते वजन मी कुठेच टाकलेलं पाहिलं नाही.

उद्यानात मोटरहोम जात नाही. तिथे नोंदणी केलेली जिप्सी आणि सोबत गाइड. गाडी मुक्कीच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी उभी राहिली. बारासिंगे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसले, गवताळ मैदानात, सातेक. एका नराच्या शिंगांत गवताची जुडी अडकली होती. आईने शिंगांची टोकं मोजायला सुरुवात केली आणि तो हलला. गाइड म्हणाला, अशा मैदानांपैकी कित्येक जागी पूर्वी गावं होती. बाबांनी लगेच विचारलं, "मंग ते लोक कुठं गेले?" गाइडने हाताने दक्षिणेकडे दाखवलं. नवेगाव-नागझिऱ्यातूनही गावं उठली आहेत, त्यातले काही बाबांच्या ओळखीचे. परतीला ते बराच वेळ गप्प होते.

येताना बालाघाटला उशीर झाला. गोंदियाला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि अंधार पडला होता. घर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. सकाळी गाडी नागपूरला परत द्यायची होती, एक दिवस वाढला तर भाडं वाढणार होतं. चालकदादा म्हणाले, "दोन तासात पोचवतो." बाबांना आपली खाट हवी होती. आई काही बोलली नाही, माझ्याकडे पाहत राहिली, कारण पैसे माझे होते.

आम्ही गोंदियात ओळखीच्यांच्या घरासमोर गाडी लावून झोपलो. सकाळी साडेसातला मुर्दोलीच्या जंगलातून गेलो. वेग चाळीसवर ठेवायला मी सांगितलं होतं. मागच्या ट्रकने दोनदा हॉर्न दिला आणि पुढे निघून गेला. रस्त्यावर काही दिसलं नाही. एका जागी डांबराच्या दोन्ही बाजूंना मातीत वापरातली पायवाट होती, रस्ता मधे येऊन जणू तिचे दोन तुकडे झालेले. कुणाची ते कळायला आम्ही थांबलो नाही.