खारेगावचं फाटक

कळव्यात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, गॅसवर काही ठेवून बाजारात जायचं नाही. पलीकडे गेलीस आणि फाटक पडलं तर कधी परतशील याचा नेम नाही. आमचं घर रुळांच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या अंगाला. भाजी, शाळा, डॉक्टर, जुना मुंबई-पुणे रस्ता, सगळं पश्चिमेला. त्यामुळं खारेगावचं रेल्वे फाटक म्हणजे आमच्याच घराचं एक दार होतं, फक्त किल्ली दुसऱ्याकडं.

गर्दीच्या वेळी या मार्गावर दोन गाड्यांमध्ये मोकळी फट अशी उरतच नसे. एक लोकल गेली की उलट्या दिशेनं दुसरी, तिच्यामागं लातूर नाहीतर नाशिककडची एखादी मेल, मध्येच मालगाडी. तोवर दोन्ही बाजूंच्या रिक्षा, टेम्पो आणि दुचाक्या आपली डावी बाजू सोडून अख्खा रस्ता भरून उभ्या राहिलेल्या असत. दांडा वर गेला की दोन्हीकडचे लोंढे रुळांच्या मधोमध समोरासमोर येत. आता मागं कुणी सरायचं, यावर वादावादी. ती रंगात येते न येते तोच गेटमनची शिट्टी. पायी चालणाऱ्यांनी मात्र फाटक कधी फारसं मनावर घेतलं नाही. दांड्याखालून वाकून जाणाऱ्यांत दप्तरं पाठीला लावलेली मुलं असत, पाटी डोक्यावर घेतलेल्या खारेगावच्या आगरी बायका असत आणि मीही असे.

तिथल्या एका वयस्कर गेटमन काकांशी येता-जाता बोलणं व्हायचं. फाटकाचं गणित मला त्यांनी समजावलं. फाटक पडून नीट कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल देताच येत नाही, यंत्रणाच तशी जोडलेली असते. म्हणजे दांड्याखाली एक टेम्पो अडकला, की दांडा खाली येत नाही. दांडा येत नाही म्हणून सिग्नल पडत नाही. सिग्नल नाही म्हणून लोकल उभी, आणि तिच्यामागं उभी राहणारी तिसरी-चौथी लोकल पार डोंबिवलीपर्यंत. "रस्त्यावरचे मला शिव्या घालतात की गेट उघडत नाही, गाडीतले घालतात की गेट लावत नाही," असं ते हसत म्हणायचे. मी दोन्हीकडची होते. सकाळी बाजाराला जाताना मला रेल्वेचा राग यायचा आणि संध्याकाळी भायखळ्याहून परतताना कळव्याच्या अलीकडं गाडी थांबली, की त्या रिक्षावाल्यांचा.

पाचवी-सहावी मार्गिका हे शब्द याच काळात कानावर पडू लागले आणि पुढं वर्षानुवर्षं पडत राहिले. ठाणे ते दिवा या पट्ट्यातल्या दोन जादा मार्गिकांना २००८ मध्ये मंजुरी मिळाली होती. कल्याण ते दिवा आणि ठाणे ते कुर्ला इथं सहा मार्ग होते, मधल्या साधारण नऊ किलोमीटरांत मात्र चारच. लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याणहून स्वतंत्र रुळांवरून यायच्या आणि दिव्याला पोचल्या की त्यांना जलद लोकलच्या रुळांवर घुसावं लागायचं. उत्तरेकडून येणारी एखादी गाडी दोन तास उशिरानं ऐन गर्दीच्या वेळी उगवली, तर तिला वाट देण्यासाठी जलद लोकल थांबायची, जलदचा उशीर भरून काढायला ती धीम्या मार्गावर वळवायची, आणि आमची धीमी लोकल मग कुणाच्याच हिशेबात नसायची.

एवढाच पट्टा का राहिला, हे इथं राहणाऱ्याला विचारावं लागत नाही. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत रूळ, रस्ता आणि माणसं. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी गेली ती डोंगराला वळसा घालून, मुंब्र्याकडून. पुढं १९१६ मध्ये डोंगर पोखरून एक किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा झाला आणि जलद गाड्या त्यातून जाऊ लागल्या. त्यानंतर शंभर वर्षांत रुळांकाठी वस्ती झाली. नव्या मार्गिकांच्या आड ती घरं आली, त्यांचं पुनर्वसन आलं, कोर्टकचेऱ्या आल्या. आणि फाटकही आलं. चार रुळांचंच फाटक जिथं उघडायला सवड नव्हती, तिथं आणखी दोन रूळ टाकून फाटक ठेवणं म्हणजे ते नावालाच ठेवणं. म्हणून आधी उड्डाणपूल.

अशा पुलांची एक तऱ्हा असते, ती पुढं विक्रोळीच्या पुलाच्या वेळी मुंबईकरांनी पाहिलीच. तिथलं फाटक बंद होऊन वर्षं लोटली आणि पूल खुला झाला तो जून २०२५ मध्ये. रुळांवरचा तुकडा बांधायचा रेल्वेनं, दोन्हीकडचे चढ-उतार बांधायचे पालिकेनं. दोघांची निविदा वेगळी, कंत्राटदार वेगळा, पैसा वेगळा. आमच्या खारेगावलाही पुलाचे खांब किती काळ आभाळाकडं बघत उभे होते, ते विचारू नका. माझी मुलगी त्या खांबांच्या सावलीत शाळेच्या रिक्षाची वाट बघत दुसरीची सातवीत गेली.

मग २०२१ संपता संपता एकदम घाई सुरू झाली. रविवारचा मेगाब्लॉक आम्हाला नवा नाही, पण हे ब्लॉक दिवसांच्या हिशेबात होते. जानेवारीत ३६ तासांचा ब्लॉक झाला तेव्हा धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवल्या आणि कळवा, मुंब्रा या स्थानकांवर लोकल थांबणंच बंद. ठाण्याला जायला बस. करोनाची तिसरी लाट चालू होती, लोकलमध्ये दोन लशींचं प्रमाणपत्र लागत होतं, निम्मी कार्यालयं घरून चालली होती, म्हणून ते निभावलं. एरवी त्या बसच्या रांगेत मारामाऱ्या झाल्या असत्या. रात्री आमच्या गच्चीवरून काम दिसायचं. मोठे दिवे, जुने रूळ कापण्याचा आवाज, क्रेन, आणि पिवळी-नारिंगी जाकिटं घातलेली माणसं ओव्हरहेड वायरच्या शिडीगाडीवर. कापलेला रूळ उचलून नव्या रुळाला जोडायचा हा खेळ बघायला सासूबाई शाल गुंडाळून तासभर बसल्या. त्यांनी वाफेच्या इंजिनाचा धूर पाहिलेला, त्यांना यात फार रस.

त्याच जानेवारीच्या १५ तारखेला उड्डाणपूल खुला झाला. उद्घाटनाला दोन पक्षांचे झेंडे, दोन्हींच्या घोषणा आणि श्रेयावरून रीतसर भांडण. ते नसतं तर पूल कळव्यातला वाटला नसता. फाटक कायमचं बंद झालं. फेब्रुवारीच्या ५ तारखेपासून ७२ तासांचा शेवटचा मोठा ब्लॉक झाला, कोकणातल्या कितीतरी गाड्या रद्द झाल्या, काही पनवेललाच थांबल्या, आणि १८ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी दूरचित्र प्रणालीवरून मार्गिकांचं लोकार्पण केलं. खर्च सुमारे ६२० कोटी, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे आणि एकवीस लहान पूल. पारसिक बोगदा आता मेल-एक्सप्रेसला मिळाला आणि जलद लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. बोगद्यात शिरताच डब्यातली पोरं जी शिट्टी मारायची ती त्यामुळं बंद झाली. माझ्या मुलीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फायदा झाला का? झाला, आणि तो मान्य न करणं खोटेपणाचं होईल. ठाणे सोडल्यावर खाडीच्या पुलावर गाडी उगाच ताटकळायची, ते पुष्कळ कमी झालं. रात्रीची शेवटची कामं आटोपून निघाल्यावर घरी किती वाजता पोचेन, हे मी फोनवर सांगू शकते, आणि ते बहुतेक खरं ठरतं. पुलामुळं रिक्षा पाच मिनिटांत पलीकडे जाते. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मध्यरात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा मला सगळ्यात आधी फाटकच आठवलं होतं, आणि ते आता नाही याचं बरं वाटलं होतं.

पण आम्ही वाट बघत होतो ती गर्दी कमी होण्याची. नव्या मार्गिकांमुळं ३६ फेऱ्या वाढल्या, त्यांतल्या बहुतेक वातानुकूलित. मे २०२२ मध्ये त्यांचं एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पास मात्र तसाच महाग राहिला, आणि रोज जाणारा माणूस तर पासावर जातो. ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी आणखी दहा वातानुकूलित फेऱ्या आल्या तेव्हा कळव्याच्या लोकांचा बांध फुटला. कळवा हे मधलं स्थानक, गाडी कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येते, दारात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून कित्येक जण कारशेडमधून ठाण्याकडं निघणारी रिकामी गाडी रुळांतून चढून पकडतात. धोक्याचं आहे, बेकायदा आहे, आणि रोज घडतं. १९ ऑगस्टला तीच गाडी वातानुकूलित होऊन दारं मिटून निघाली, तेव्हा लोकांनी ती अडवली. बदलापूरलाही निदर्शनं झाली आणि २५ तारखेला त्या दहा फेऱ्या मागं घेतल्या गेल्या. आमच्या महिलांच्या डब्यात त्यावर पेढे वाटले नाहीत, पण एकीनं चिक्की वाटली.

आणि चालणारे? त्यांचं गणित कुणी मांडलंच नव्हतं. फाटक होतं तेव्हा पलीकडे जायला रूळ ओलांडायचे, बस्स. पूल मात्र वाहनांच्या चालीनं बांधलेला असतो. गाडीला चढ जड जाऊ नये म्हणून तो लांबून सुरू होतो, लांब जाऊन संपतो. माझ्या घरून बाजारात पायी जायचं तर आधी उलट्या दिशेला चालत जायचं, मग उन्हात चढायचं, कडेनं सुसाट जाणाऱ्या दुचाक्या सांभाळायच्या, आणि उतरल्यावर पुन्हा तितकंच मागं यायचं. गुडघे धरलेल्या सासूबाईंनी एकदाच ते केलं. आमच्याकडं मासळी घेऊन येणाऱ्या काकूंनी तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "ह्यो पूल गारीवाल्यांचा हाय, आपला नाय." त्यांचं येणं हळूहळू कमी झालं. रिक्षाचं जाणं-येणं धरलं तर दोन वाटे बोंबलांत त्यांना काय सुटणार? ज्यांना तेवढंही परवडत नाही ते कुंपणातल्या फटीतून रूळ ओलांडतात. पूर्वी निदान तिथं शिट्टी वाजवणारा, ओरडणारा एक माणूस होता. आणि गाड्या आता जास्त वेगानं येतात.

माझ्या कार्यालयात दिव्याची एक मुलगी आहे. दिव्याचं फाटक खारेगावच्यापेक्षा बदनाम. तिथल्या पुलाचं काम सुरू झालं तेव्हा ती मोबाइलवर खांबांचे फोटो दाखवत होती, तिला कोण आनंद. मी तिला म्हटलं, खांब राहू देत, जिना कुठं येणार ते विचार. आणि म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट असणार का, तेही. पूल झाल्यावर विचारशील तर उत्तर द्यायला कुणी सापडायचं नाही, आत्ता कागदावर आहे तोवर विचार, चार बायका बरोबर घेऊन जा.

"ताई, ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण तुमच्याकडं निदान पूल झाला. आमच्याकडं परवा फाटकामुळं माझी आठ-छत्तीस गेली."

मग तिनं रीतसर अर्ज लिहायला घेतला. मायना तिला येत नव्हता, तो मी सांगितला.