गच्चीवरचा वड

घरातल्या आजारपणात आपले एखादे बोन्साय दुर्लक्षित राहिले असेल, तर ते टाकून देण्यापूर्वी नखाने साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. यजमानांच्या अर्धांगवायूनंतर आमच्या यवतमाळच्या गच्चीवरील वडाकडे एप्रिल-मेचे दोन महिने कोणी फिरकले नव्हते. त्यात ४५ अंशांचे ऊन! अपराधी मनाने मी त्याला भरपूर पाणी आणि खत घातले. तीच चूक झाली. दुबळ्या मुळांना खत सोसत नाही. शिवाय कुंडीत आपली काळी माती होती. ती कापसाला मानवते. उथळ कुंडीत मात्र पाणी धरून मुळे कुजविते.

मृगाच्या सरी स्थिरावल्यावर झाड काढले, कुजकी मुळे छाटली आणि चाळलेला विटांचा चुरा व जाड वाळू यांत थोडीच माती मिसळून ते पुन्हा लावले. कुंडी सावलीत ठेवली. महिनाभर खत बंद. बोटाला वरची माती कोरडी लागली, तरच पाणी. (ओली कुंडी एकट्याने उचलू नका, कंबर जपा.) हे माती पाहण्याचे काम यजमानांनी डाव्या हाताने स्वतःकडे घेतले. श्रावणात खोडावरचा पहिला कोंब मला दिसलाच नाही; त्यांनीच खूण करून दाखविला.