भेगा नसलेली काळी जमीन

हवामानाच्या जागतिक मॉडेलमधली जमीन पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हिरमुसतो. साधारण शंभर किलोमीटर लांबीरुंदीचा एकेक चौकोन. घाटमाथ्यावरचं महाबळेश्वर आणि कोरड्या माणदेशातली दहिवडी एकाच चौकोनात यायची, आणि पाऊस दोघांना सारखा! चौकोनाच्या पोटात जंगल, पीक, गवत, उघडी जमीन यांचे टक्के असतात. पण जंगल घाटमाथ्यावर आहे की माणदेशात, याची मॉडेलला फिकीर नसते.

तरी हे चैनीचे दिवस म्हणायचे. 1969 साली हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी आपल्या मॉडेलमध्ये अख्ख्या पृथ्वीवरच्या जमिनीला एकच बादली दिली होती, 15 सेंटिमीटर पाण्याची. भरली की जादा पाणी वाहून जायचं, पाऊण भागाच्या खाली गेली की बाष्पीभवन मंदावायचं. सहारा असो की ॲमेझॉन, बादली तीच. मला तिच्याबद्दल आजही आदर आहे; काय गाळलंय ते उघड दिसत होतं. ऐंशीच्या दशकात डिकिन्सन आणि सेलर्स या संशोधकांच्या मॉडेलांत झाडं आली, पानांवरची रंध्रं उघडमीट करू लागली, आणि पॅरामीटर इतके वाढले की कुणाचा दोष कुणाच्या माथी बसलाय हे शोधण्यातच आमचे दिवस जातात.

हा खटाटोप उगाच नाही. मातीतला ओलावा पुढच्या पावसावर कुठे परिणाम करतो, हे डझनभर मॉडेलांकडून तपासून 2004 साली नकाशा काढला गेला. त्यात अमेरिकेची मधली मैदानं, साहेल आणि भारत ठळक उठून दिसले.

आणि भारतात माझं घोडं अडतं ते काळ्या जमिनीवर. इथे बराच वापर असलेल्या ‘नोआ’ या जमिनीच्या मॉडेलमध्ये मातीचे चार थर: 10, 30, 60 आणि 100 सेंटिमीटरचे. पाणी वरून खाली, थराथराने झिरपतं. चिकणमाती म्हटली की झिरपणं संथ, त्यामुळे जूनचा जोरदार पाऊस वरच्या थरात अडतो, नाहीतर वाहून जातो. खऱ्या शेतात मे महिन्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा असतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट खाली उतरतं. वरचं ढेकूळ अजून अर्धं कोरडं आणि खालची माती ओली. मॉडेलमध्ये नेमकं उलटं, त्यामुळे पावसानंतरची दुपार तिथे नको तितकी गार निघते. निचरा वाढवून जून सावरावा, तर ऑगस्टमध्ये तीच माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, शेतात पाणी साचायला हवं, आणि मॉडेल ते खुशाल खाली सोडून देतं.

भेगा स्वतंत्रपणे घालता येतात. पण मग जमाखर्च आला. दर टाइमस्टेपला पडलेला पाऊस, उडालेली वाफ, वाहून गेलेलं पाणी आणि साठ्यातला बदल यांचा मेळ अगदी शेवटच्या दशांशापर्यंत बसलाच पाहिजे. भेगेत उतरलेलं पाणी कोणत्या थराच्या खात्यावर टाकायचं? मी ते तळाशी सोडते आणि भेगेची रुंदी ओलाव्याशी बांधते. दख्खनबरोबर सुदानचा गेझिरा, टेक्सासची काळी माती आणि ऑस्ट्रेलियाचे डार्लिंग डाउन्सही या नियमात येतात. वातावरणाचा कोड सांभाळणारे सहकारी मात्र एकच विचारतात, “मान्सूनचा पाऊस सुधारला का?” हा प्रश्न मला थोडा अन्यायाचा वाटतो. खालच्या थरातला ओलावा चुकीचा असून पाऊस बरोबर येत असेल, तर तिसरीच कुठली तरी चूक त्याला सावरून धरत असते.

पडताळा कशाशी घ्यायचा, हे त्याहून अवघड. 2015 मध्ये सोडलेल्या ‘स्मॅप’ उपग्रहाला मातीच्या वरच्या पाचेक सेंटिमीटरांतलाच ओलावा दिसतो. मग शेतात सेन्सर पुरायचे. उन्हाळ्यात माती आकसते, सेन्सरपासून सुटते, मधे हवा शिरते आणि ओलावा आहे त्याहून कमी दिसू लागतो. पावसाने माती पुन्हा फुगून सेन्सरला चिकटेपर्यंत त्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही, आणि मला मोजायचा असतो तो नेमका हाच पहिला पाऊस. भेगांचा कोड लिहून तयार आहे; मुख्य रनमध्ये तो मी अजून बंदच ठेवते.