दोनदा भाजलेला शब्द

बिस्किटाचं स्पेलिंग पाठ आहे ना? बी-आय-एस-सी-यू-आय-टी. त्यातला 'यू' बोलताना कुठेच ऐकू येत नाही, पण वहीत नसला की लाल खूण ठरलेली! माझ्या चौथीच्या वर्गात एकाने 'बी-आय-एस-के-ई-टी' लिहिलं. खूण पाहून हिरमुसला. म्हणाला, "बाई, मला इंग्रजी येणारच नाही."

हा 'यू' आला फ्रेंचमधून. फ्रेंच लोक म्हणतात 'बिस्क्वी'. 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'क्वी' म्हणजे भाजलेलं. दोनदा कशाला? पूर्वी जहाजं महिनोन् महिने समुद्रावर असत. साध्या पावाला चार दिवसांत बुरशी यायची. म्हणून भाजलेला पाव पुन्हा भट्टीत घालून खडखडीत वाळवायचा. ओल गेली की बुरशीला थारा नाही. खलाशी तो भिजवून खात. दात शाबूत राहायला हवेत ना!

इंग्रज हा शब्द १६व्या ते १८व्या शतकात सर्रास आमच्या या पठ्ठ्यासारखाच, म्हणजे बोलतात तसाच लिहीत. पुढे त्यांनी फ्रेंच स्पेलिंग उचललं, उच्चार मात्र जुनाच ठेवला. ३०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये याचं स्पेलिंग बरोबर ठरलं असतं! हे ऐकून स्वारी खूश. परीक्षेत मात्र 'यू' घालायचाच, हेही मी बजावलं. गुण त्यालाच आहेत.

याहून मोठी गंमत तर पुढेच आहे. 'बिस' हा मूळचा लॅटिन शब्द, आपल्या संस्कृत 'द्वि'चा भाऊबंद. आणि 'क्वी' आला लॅटिन 'कोक्तुस'वरून. तो 'पक्व'चा नातलग, म्हणजे पक्वान्नातल्या 'पक्व'चा! चेहरे अजिबात जुळत नाहीत, पण भाषा अभ्यासणाऱ्यांनी हे नातं पक्कं ठरवलंय. म्हणजे बिस्कीट म्हणजे अक्षरशः 'द्विपक्व'.

आजची बहुतेक बिस्किटं मात्र एकदाच भाजतात. मग दोनदा भाजलेलं आता काय उरलं? मी वर्गात विचारलं, तर एरवी गप्प बसणारी एक मुलगी उठली. तिचे बाबा बेकरीत भट्टीवर असतात.

"बाई, टोस्ट! आधी पाव भाजतात, मग काप करून परत भट्टीत ठेवतात."

दुसऱ्या दिवशी ती डबा भरून टोस्ट घेऊन आली. मधल्या सुट्टीआधीच फस्त झाले.