पाठीवरचं नाव

सातारा,
12 मे 2025

चि. बाळ,


तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिलंस, बरं केलंस. मीही लिहूनच उत्तर देते. जर्मनीला जायचं, पुण्यातच राहायचं, की नर्सिंग सोडून बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं तू विचारलंस. पण दोन रात्री मला झोप लागू दिली नाही ती तुझ्या शेवटच्या ओळीनं. ‘आत्या, मी यांच्यातली आहे असं मला कधी वाटलंच नाही.’

मला ते कधी वाटलं, हे आठवून पाहिलं. मी 1982 साली ट्रेनिंगला लागले. तारीख आठवत नाही, वेळ आठवते. पहाटेचे चार. मेडिकल वॉर्ड, माझी दुसरी नाइट. एका म्हाताऱ्या बाबांची चादर तिसऱ्यांदा बदलून मी भिंतीला टेकून उभी होते. ड्युटीवरच्या सिस्टर दोन्ही रात्री माझ्यावर नुसत्या ओरडत होत्या. त्यांनी स्टोव्हवरचा चहा गाळला, अर्धा स्वतःच्या बशीत ओतला आणि कप माझ्याकडे सरकवून मला नावानं हाक मारली. पुढची एकोणचाळीस वर्षं मी त्या हाकेवर काढली, असं म्हटलं तरी चालेल.

तुमच्या बॅचला ती पहाट मिळालीच नाही. मार्च 2020 मध्ये तुमचं पहिलं वर्ष जेमतेम निम्मं झालं होतं. कोविडमुळे हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि ट्रंक घेऊन तू गावी आलीस. जागतिक आरोग्य संघटनेनं ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, कारण नाइटिंगेलबाईंच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. त्याच वर्षी तुम्ही मुली राइल्स ट्यूब कशी घालायची ते मोबाइलवर बघत होतात. रेंज मिळावी म्हणून तू भर उन्हात गच्चीवर बसायचीस. शपथविधीसुद्धा तसाच झाला. देवघरातलं निरांजन हातात धरून तू फोनसमोर उभी राहिलीस, शपथेच्या मध्येच आवाज तुटला, आणि आई म्हणाली, ‘झालं असेल तर निरांजन जागेवर ठेव.’ हे तू तेव्हा हसत सांगितलं होतंस. आता पत्रात लिहिताना हसली नाहीस, हे अक्षरावरून कळलं.

मग दुसरी लाट आली. 18 एप्रिल 2021 या एका दिवसात महाराष्ट्रात 68 हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. तोवर परत येऊन लसीकरणाच्या टेबलावर नोंदी करणाऱ्या तुम्ही मुली थेट कोविड वॉर्डात आलात. पीपीई किट चढवल्यावर कोण कुणाला ओळखणार, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं नाव लिहायचे. तुझ्या पाठीवर लिहिलं, ‘स्टुडंट’. ‘ए स्टुडंट, चार नंबरचं सॅच्युरेशन बघ.’ ‘स्टुडंट, सिलिंडरला मामांना बोलाव.’ बारा दिवसांत तुला एकदाही नावानं हाक आली नाही, असं तू लिहितेस.

त्या रुग्णालयाला मी काय बोल लावू? माझ्या वॉर्डात मीच तो मार्कर धरला होता. निवृत्तीला सहा आठवडे राहिले होते. पाच मुली मदतीला आल्या. स्टाफची नावं मी नीट लिहिली आणि त्या पाचीजणींच्या पाठीवर ‘स्टुडंट’. घाई होती, हे खरं. पण नाव लिहायलाही तेवढाच वेळ लागला असता. त्यांतली एक मुलगी रात्रभर एका बाईजवळ उभी होती. बाईंना पालथं झोपवलं होतं, त्या घाबरून सारख्या वळायला बघत होत्या. ही त्यांचा हात धरून ओठांना पाणी लावत राहिली. बाई वाचल्या. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, ‘ती पोरगी कुठली हो? नाव काय तिचं?’ मला सांगता आलं नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

साथीच्या भीतीनं मुली या कामातून गेल्या, असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. भीती तुलाही होती, मलाही होती, तरी आपण दोघी रोज किट चढवतच होतो. इंग्लंडमध्ये तर साथ ऐन भरात असताना, 2021 च्या सुरुवातीला, नर्सिंगच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त अर्ज आले. आणि आपल्याकडे मे 2020 मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो नर्स राजीनामे देऊन घरी गेल्या. पगाराची आणि किटची तक्रार होतीच. पण चेहरेपट्टीवरून लोक हिणवतात, हेही त्या सांगत होत्या. ज्या शहराची शुश्रूषा करायची, तेच शहर परकं म्हणतं, तिथे किती दिवस काढणार?

3 मे 2020 ला आपल्या सन्मानासाठी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. बरोबर वर्षानं, 3 मे 2021 ला, केंद्रानं जाहीर केलं की कोविडचं शंभर दिवस काम केलेल्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. नंतर कोविड सेंटरं बंद होत गेली तशी कंत्राटंही संपली. तुझ्या वरच्या बॅचची एक मुलगी अजून कंत्राटावरच आहे, आणि तिच्याबरोबरची पोलीस भरतीची तयारी करतेय. त्यांना मी चुकल्या म्हणणार नाही.

तुझं म्हणशील तर, जर्मनीला जावंसं वाटतंय तर जा. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सही आहेत. मात्र भाषा नीट करून जा. आणि तुझ्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत तू पुन्हा शिकाऊच असशील, हे मनात धरून जा. पाठीवर तोच शब्द, फक्त जर्मनमध्ये. तो तुला पेलवेल का, हे मला इथून सांगता येणार नाही. बँकेची परीक्षा मात्र रागाच्या भरात देऊ नकोस.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का, माहीत नाही. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, तुमच्या वॉर्डात सध्या आलेल्या शिकाऊ मुलींचा विषय आहे. सहाजणी. सहाहीजणींची नावं तू लिहिली आहेस, कुणाचा हात सलाइन लावताना थरथरतो आणि कोण डबा न खाता परत नेते, हेही. ते पान मी तीनदा वाचलं.

कुठेही गेलीस, काहीही ठरवलंस, तरी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव. पाच वर्षांची मुदत असते, तुझी 2027 मध्ये संपेल. मी अजून माझी चालू ठेवली आहे. तुझ्या नूतनीकरणाचे पैसे मी भरीन, बाबांना सांगू नकोस.

तुझी,
आत्या