गवताची गाडी आणि माझी सही

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दादाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. फराळाच्या बशा नुकत्याच उचलल्या होत्या. वहिनी चहा टाकायला आत गेली होती.

"चिमे, नीट वाचून बघ. घाई नाही. तू हो म्हणालीस की एक दिवस रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन येऊ," तो म्हणाला.

कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – हक्कसोडपत्र.

ज्यांच्या घरात जमीन आहे आणि बहिणी आहेत, त्यांना या कागदाविषयी वेगळं सांगायला नको. नाना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागे राहिलं ते सातारा जिल्ह्यातलं आमचं चार खणांचं घर, एक विहीर आणि दोन एकर रान. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे मला चांगलंच ठाऊक होतं. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना मी ते कितीदा तरी छापलंय! पण तो कायदा आपल्या घरात, आपल्या भावासमोर बसून उच्चारायचा म्हटलं की जीभ जड होते.

खरं सांगू? तोपर्यंत त्या रानाचा मी विचारही केला नव्हता. पण कागद पुढे आला आणि मांडीवरच्या हाताची मूठ आपोआप आवळली गेली. मी त्या मुठीकडे बघत राहिले आणि मला पाचशे वर्षांपूर्वीचं एक चित्र आठवलं. हसू नका! आठवलं खरं.

त्या चित्राची आणि माझी ओळख जुनी. २०१६ साली पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकतीच या धंद्यात आले होते. एका संध्याकाळी टेबलावर बातमी आली : नेदरलँड्समधल्या डेन बॉश नावाच्या शहरातल्या संग्रहालयापुढे लोकांच्या रांगा हटत नाहीत. हिएरोनिमस बॉश हा तिथला चित्रकार, त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरलेलं. गंमत म्हणजे त्या संग्रहालयाकडे आपल्या गावच्या या पोराचं स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र नव्हतं. सगळी माद्रिद, पॅरिस, व्हेनिस अशा ठिकाणांहून उसनी मागून आणलेली! तरी तीन महिन्यांत चार लाखांहून जास्त माणसं येऊन गेली. मी चार ओळींची चौकट लिहिली आणि मोकळी झाले. चौकटीत बसवायला चित्र शोधताना मात्र अडकले.

पहिलं उघडलं ते 'ऐहिक सुखांची बाग'. हे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असतं. तीन फळ्यांचं चित्र, बाजूच्या दोन फळ्या कपाटाच्या दारांसारख्या मिटणाऱ्या. डावीकडे आदम आणि ईव्ह. मधे नागव्या माणसांची ही गर्दी, माणसापेक्षा मोठ्या स्ट्रॉबेऱ्या आणि पक्षी. आणि उजवीकडे नरक. तिथे दोन प्रचंड कान आणि त्यांच्यामधून बाहेर आलेलं सुरीचं पातं. वीणेसारख्या वाद्यावर आवळून बांधलेला माणूस. उंच खुर्चीवर बसून माणसं गिळणारा पक्षिमुखी राक्षस. त्या रात्री जेवण जाईना.

असली चित्रं काढणारा माणूस वेडा असणार, असं मला वाटलं. मी एकटीच नाही, कित्येकांना तसं वाटलेलं आहे. कुणी त्याला पाखंडी ठरवलं. विसाव्या शतकात एका जर्मन अभ्यासकाने तर तो एका गुप्त पंथाचा असावा असा सिद्धान्तच मांडला. त्याला पुरावा काही मिळाला नाही.

प्रत्यक्षात बॉश कसा होता? तर चक्क संसारी! १४५० च्या आसपास जन्म. आजोबा चित्रकार, बाप चित्रकार. खरं आडनाव फान आकेन. 'बॉश' हे त्याने गावाच्या नावावरून घेतलं. बायको आलेइट सुखवस्तू घरातली. शहराच्या बाजारचौकात राहतं घर. मेरीच्या भक्तांचा एक प्रतिष्ठित बंधुसंघ गावात होता, त्याचा तो सभासद. या संघाच्या पंगतीत राजहंस वाढायची रीत होती. तिथे बसून जेवणारा हा गृहस्थ घरी येऊन माशांना पाय आणि घागरींना डोळे काढायचा! ऑगस्ट १५१६ मध्ये याच संघाने त्याच्यासाठी अंत्यप्रार्थना केली. त्याची डायरी नाही, पत्रं नाहीत. त्याच्याविषयी जे कळतं ते शहराच्या दप्तरावरून आणि संघाच्या हिशेबवह्यांवरून. म्हणजे शेवटी कागदच!

मग दुसरं चित्र उघडलं, आणि हेच ते मुठीचं चित्र. नाव 'गवताची गाडी'. हेही प्रादोचंच, पण २०१६ साली ते साडेचारशे वर्षांनी आपल्या मुलखात पाहुणं आलं होतं. मधली फळी तशी मोठी नाही, सुमारे १३५ बाय १०० सेंटिमीटर. तिच्यात मधोमध वाळल्या गवताने शिगोशीग भरलेली प्रचंड गाडी. तिकडच्या लोकांत एक म्हण होती – जग म्हणजे गवताची गंजी, ज्याला जेवढं ओढता येईल तेवढं तो ओढतो. बॉशने ती म्हण जशीच्या तशी उभी केली आहे.

गाडीभोवती झुंबड उडालेली. कुणी शिडी लावून चढतंय, कुणी आकडीने ओढतंय, कुणी चाकाखाली येतंय. पुढच्या बाजूला एकाने दुसऱ्याला खाली पाडून त्याच्या गळ्यावर सुरी धरली आहे. कशासाठी, तर मूठभर गवतासाठी! एक भोंदू वैद्य दुकान मांडून बसलाय. एक गलेलठ्ठ साधू हातात पेला घेऊन आरामात बसलाय आणि जोगिणी त्याच्यासमोर गवताचं पोतं भरताहेत. गाडीमागून घोड्यांवर बसून पोप आणि सम्राट येताहेत, अगदी शांतपणे. त्यांना ओढाओढ करायची गरजच नाही, गाडी आपलीच आहे असा त्यांचा चेहरा. हे चित्र धर्मभीरू माणसाने धर्मभीरू लोकांसाठी काढलेलं आहे, हे लक्षात घ्या. आज कुणी असं काढलं तर काय होईल, तो विषय सोडूनच देऊ.

गंजीच्या माथ्यावर प्रेमी युगुलं गाण्यात दंग. एका बाजूला हात जोडलेला देवदूत, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नाकाचीच पिपाणी करून वाजवणारा निळा सैतान. सगळ्यांच्या वर ढगात येशू, हातांवरच्या जखमा दाखवत. एवढ्या गर्दीतून त्याच्याकडे बघतो तो फक्त तो देवदूत.

आणि गाडी ओढतंय कोण? राक्षस. अर्धे मासे, अर्धी माणसं, जोराने गाडी उजव्या फळीकडे नेताहेत. तिथे नरक आहे, आगीच्या उजेडात राक्षस एक गोल बुरूज बांधताहेत. गवत ओढणाऱ्या कुणाचंच तिकडे लक्ष नाही.

मला त्या दिवशी जाणवलं ते हे की या चित्रात राक्षस कुणाला मारत नाहीत. निदान मधल्या फळीत तरी नाहीत. ते बिचारे नुसती गाडी ओढतात. गळा कापणारा, पोतं भरणारा, चाकाखाली ढकलणारा तुमच्या-माझ्यासारखाच आहे, त्याला ना शिंगं ना शेपटी. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने बॉशची चित्रं हौसेने जमवली होती. त्याच्या मठातल्या सिग्वेन्झा नावाच्या साधूने १६०५ साली बॉशची बाजू घेताना सांगितलं होतं की इतर चित्रकार माणूस बाहेरून दाखवतात, याने तो आतून दाखवला. एका साधूला जे कळलं ते कळायला मला दादाचा कागद पुढे यावा लागला.

तर, मी सही केली नाही. "बघते," म्हटलं आणि कागद पर्समध्ये घातला. वहिनीने चहा दिला. साखर कमी होती की मलाच तसं लागलं, कोण जाणे.

मुंबईला परत येताना वाटेत आत्याकडे उतरले. आत्या ऐंशीची आहे. तिने आजोबांच्या पश्चात असाच कागद करून दिला होता, आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिला माहेरची दिवाळीची साडी न चुकता आली. तिच्या घरात पूर्वी नरकातल्या शिक्षांची एक तसबीर होती – खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढताहेत, चोराला कढईत तळताहेत. लहानपणी मी तिच्याकडे पाठ करून जेवायची. मी मोबाइलवर तिला बॉशचा नरक दाखवला. ती चष्मा सारखा करत म्हणाली, "आपल्याकडचा बरा गं! कशाची काय शिक्षा ते खाली लिहिलेलं असतं."

मग मी त्याच नरकाचा उजवा कोपरा बोटांनी मोठा केला. तिथे जोगिणीचा पदर डोक्यावर घेतलेली एक डुकरीण एका माणसाला लाडाने बिलगली आहे. त्या माणसाच्या मांडीवर कागद आहे आणि समोर एक चोचवाला राक्षस दौत लटकवून तयार. आपली मालमत्ता लिहून देण्यासाठी त्याची मनधरणी चालली आहे, असं अभ्यासकांना वाटतं. आत्या बराच वेळ बघत राहिली. काही बोलली नाही.

'गवताची गाडी' तिला आवडलं. एकेक माणूस तिने बोट ठेवून विचारला. खाली, अगदी पुढे, तान्ह्या मुलाचं करत बसलेली एक बाई आहे. मागे एवढा कल्लोळ चाललाय, पण ती गाडीकडे वळूनही बघत नाही.

"आणि ही गं?" आत्याने विचारलं.

"हिला गवत नको असेल."

"छे! ही सही करून आलेली दिसते," आत्या म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मी मात्र हसू शकले नाही.

इथेच माझं बॉशशी भांडण आहे. त्याच्या लेखी गवत ते गवत. जो ओढील तो लोभी. पण ज्याला ढकलून ढकलून गाडीपासून लांब ठेवलं, त्याने एकदा हात पुढे केला तर तोही लोभीच का? पोपचं शांत बसणं आणि त्या बाईचं शांत बसणं एकच कसं? बॉश बाजारचौकात राहत होता, बायको मालमत्तावाली होती. गाडीतलं थोडं त्याच्याही घरी पोचलंच होतं की! पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे विचारणं अन्यायाचं आहे, कळतं मला. तरी विचारते.

आणि दुसऱ्या बाजूने स्वतःलाही विचारते. दादाने नानांचं दुखणं काढलं, रात्री जागवल्या. मी दर महिन्याला पैसे पाठवले आणि फोन केले. त्या रानात मी कधी वाकले नाही. मग माझी मूठ आवळली ती हक्कासाठी की गवतासाठी? वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत बॉशची एक अरुंद उभी फळी आहे. दारातून मृत्यू बाण घेऊन आत शिरतोय, देवदूत खिडकीतल्या क्रूसाकडे बोट दाखवतोय, आणि अंथरुणावरचा मरणारा कंजूष? त्याचा हात एका सैतानाने पुढे केलेल्या पैशांच्या थैलीकडे जातोय. त्याला थैली घ्यायची आहे की ढकलायची आहे, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. मी तो हात पुष्कळदा मोठा करून पाहिला आहे.

ऑफिसातल्या प्रिंटरवर मी 'गवताची गाडी'ची एक प्रत काढून आणली. घरी टेबलाच्या खणात ती ठेवली आहे, तिच्याखाली दादाचा कागद. एखाद्या रविवारी दोन्ही बाहेर काढते, बघते, परत ठेवते. नवरा एकदा म्हणाला, "एकदा काय ते ठरव ना." ठरवायचं तर आहेच. दादाशी समोरासमोर बसून बोलायचं आहे. वाटा मागायचा की नाही त्यापेक्षा, त्याने मला आधी विचारलं का नाही, हे. हे फोनवर नाही जमत.

परवा त्याचाच फोन आला. विहिरीकडेच्या आंब्याला यंदा मोहर चांगला आहे म्हणाला. मे महिन्यात उतरवायचे, पोरांना घेऊन ये. कागदाचं तो काही बोलला नाही. मीही नाही. तेवीस तारखेची तिकिटं काढली आहेत.