टॉवर, तार आणि सातबारा



रिसोडच्या कडेला, गायरानात आमची वस्ती आहे. पत्र्याची घरं, दोन हातपंप, विहारावर निळा झेंडा. मी डाळ मिलमध्ये रोजंदारीवर आहे. पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. वस्तीमागून विजेची मोठी लाइन न्यायचं घाटतंय. मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, गेले. पलीकडच्या बागायतदाराच्या ओसरीवर बसून चहा प्याले, नकाशा त्याला दाखवला. आमच्याशी एक शब्द नाही.

विहारात बैठक झाली. पोरं म्हणाली, खुंट्या उपटून फेका. एक आजी म्हणाली, "त्या तारेखाली लेकरं कशी निजवाव बाप्पा?" कुणी म्हणालं, "पैसे भेटतीन तर घ्या ना." तेव्हा एक म्हातारा बोलला, "कोनाले भेटतीन? सातबारा हाये काय तुह्या बापाच्या नावानं?"

सगळे गप्प. त्या गप्प बसण्याबद्दलच मला लिहायचं आहे.

पहिली गोष्ट. वीज नको म्हणणारी आपली जात नव्हे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात होती. १९४३ मध्ये विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी मांडलं, की देशाला भरपूर आणि स्वस्त वीज पाहिजे. वीज नाही तर कारखाने नाहीत, आणि कारखाने नाहीत तर गरिबीतून सुटका नाही. त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभं राहिलं. हे मला शाळेनं शिकवलं नाही. सरकारनं छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात, शेजारी डिक्शनरी ठेवून, मिलच्या सुट्टीत वाचलं. तेव्हा तार जाऊ दे. पण ती कुणाच्या डोक्यावरून जाते आणि मोल कुणाला मिळतं, हे आपण विचारणार की नाही?

आता कायदा बघा. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६४ आहे. त्या कलमाखाली लाइन टाकणाऱ्याला सरकार १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. म्हणजे इंग्रजानं तारायंत्रासाठी केलेला कायदा आज आमच्या पत्र्यावर येऊन बसतो. जमीन घ्यायची गरज नाही, फक्त वापरायची. अडवलं तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, परवानगी देऊ शकतो. मोबदल्याचं म्हणाल तर १४ जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के, तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के. मोजमाप सगळं जमिनीच्या किमतीवर. ज्याच्याकडे जमीन आहे त्याचा हिशेब होतो. ज्याच्याकडे नुसतं घर आहे, तेही गायरानात, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार?

हा रकाना आजचा रिकामा नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. आपल्या माणसांनी पडीक जमिनीसाठी तुरुंग भरले. गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा, ही तेव्हाची मागणी. कित्येकांच्या नावावर ते अजून झालं नाही. म्हणून लाइनचा नकाशा काढणाऱ्याला आमची वस्ती मोकळी जागा दिसते. बागायतदाराची विहीर दिसते, संत्र्याचं झाड दिसतं. आम्ही दिसत नाही.

पण त्याच तार कायद्याचं कलम १० वाचा. लाइन टाकताना होईल तेवढं कमी नुकसान करायचं, आणि ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना पूर्ण भरपाई द्यायची, असं तिथं आहे. तिथं नुसता मालक म्हटलेलं नाही. भांडायला जागा आहे ती इथं. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. अंतराचेही नियम आहेत. १३२ केव्हीची तार असेल तर घराच्या जवळात जवळ भागापासून आडवं २.९ मीटर आणि छपरावरून उभं ४.६ मीटर अंतर पाहिजे, वाऱ्यानं झुलणारी, उन्हानं खाली येणारी तार धरून.

मार्ग बदलत नाही असं कुणी सांगितलं तर गोव्याकडे बोट दाखवा. तिथं मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची लाइन न्यायची होती. २०२० मध्ये लोक रस्त्यावर आले, कोर्टातही गेले. आधीची २२० केव्हीची लाइन जिथून जाते तिथूनच नवी न्या, असं सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं एप्रिल २०२१ मध्ये सुचवलं. २०२२ मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं. वीज थांबली नाही, रेघ सरकली. जंगलासाठी रेघ सरकते, तर माणसांसाठी का नाही?

म्हणून आम्ही खुंट्या उपटल्या नाहीत. टेप घेऊन प्रत्येक खुंटीपासून प्रत्येक घराचं अंतर मोजलं. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड गोळा केलं. शिकलेल्या दोन पोरींनी घरवार यादी केली. ज्या आजीला लेकरांची काळजी होती तिचा अंगठा पहिला. अर्ज तहसीलला दिला, वाशीमला कलेक्टर ऑफिसला दिला, पोच घेतली. मागण्या तीन. लाइन किती केव्हीची आणि कुठून जाते ते लेखी सांगा. वस्ती सोडून दुसरा मार्ग बघा. आणि आमची घरं आमच्या नावावर करा. ही तिसरी मागणी लाइनवाल्यांच्या हातातली नाही, हे आम्हाला कळतं. पण लाइन येवो न येवो, ती सोडायची नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी दोघं जण तहसीलला जाऊन विचारतात. मिलचा रोज बुडतो, वस्ती वर्गणी करून भरून देते.

तुमच्या गावात, वस्तीमागं, अशा खुंट्या दिसल्या तर टेप काढा, यादी करा, पोच घ्या. आणि आम्हाला कळवा. आमच्या अर्जाची नक्कल पाठवून देऊ.